कारभारी की मालक? : चर्चचा तीन रकान्यांचा फॉर्म आणि आमचं स्वयंपाकघर

ओंजळ | रविवार, रात्री १०:४२

जय येशू मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार. धागा फक्त ख्रिस्ती सभासदांसाठी नाही. बाहेरून बघणाऱ्या कुणी टोचून बोललं तर उलट बरंच होईल.

आज मराठी मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यावर दारातच प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक फॉर्म ठेवला. वर मत्तय २५ मधला, मालक प्रवासाला जाताना चाकरांवर आपलं धन सोपवतो तो दृष्टांत आणि खाली तीन रकाने: वेळ, कौशल्य, धन. यंदा देवानं दिलेल्याचा कारभार तुमचं कुटुंब कसा करणार ते लिहून तीन आठवड्यांत परत द्यायचं. फादर प्रवचनात 'स्टुअर्डशिप, स्टुअर्डशिप' करत होते. पुढच्या बाकावरच्या आजी पेंगायला लागल्या तसे म्हणाले, "म्हणजे कारभारीपण हो!" आजी ताडकन जाग्या. आमच्या नगरकडे कारभारी म्हणजे नवरा. अर्धं चर्च हसलं.

संध्याकाळी चहा घेऊन आम्ही दोघं फॉर्म भरायला बसलो. आमचे 'कारभारी' चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला आहेत. त्यांचा पहिला प्रश्न, "किती टक्के लिहायचे?" मी म्हटलं, प्रश्न तो नाही. मग कुठला, ते मात्र मला सांगता येईना. 'कौशल्य'पाशी ते म्हणाले, "मला काय येतं? गाता येत नाही, वाचायला उभं राहिलो की घाम फुटतो," आणि रकाना कोरा ठेवून क्रिकेट लावलं. मी 'धन'खाली महिना हजार लिहिले. सध्या पाचशे देतो, फोनवरून, एक तारखेला. ते कधी गेले हेसुद्धा कळत नाही. हप्ता, मुलाची फी, टँकरचे पैसे जातात त्यात तेही जातात.

तेव्हापासून आजी आठवतेय. राहुरी तालुक्यातलं आमचं गाव. आजी भाकरीचं पीठ मळायला घेतलं की आधी एक मूठ काढून डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायची. रोज, दोन्ही वेळा. पीठ उसनं आणलेलं असलं तरी. रविवारी तो डबा चर्चमध्ये जायचा आणि तिथून ज्यांच्या घरी चूल पेटलेली नसायची त्यांच्याकडे. मी एकदा विचारलं, "आजी, हे दान का?" ती म्हणाली, "दान कशाचं? त्यो त्यांचा वाटा हाय. आपला न्हाईच." हातातली मूठ तिला जाणवत असणार. मला फोनवरचं बटण जाणवत नाही.

वडगाव शेरीतल्या दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटमध्ये, नोकरी सांभाळून, हे 'वाटा' प्रकरण कसं करायचं? तुम्ही रोजच्या जगण्यात काय करता ते सांगा. प्रवचन नको, ते सकाळी झालंय.

---

खराडीचा_कीबोर्ड | रविवार, रात्री ११:२०

ताई, 'वेळ' या रकान्याचा मी बळी आहे. चार वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलं, कीबोर्ड वाजवतोस का? मी हो म्हटलं. तेव्हापासून रविवारची मिस्सा, शनिवारची तालीम, लग्नं, अंत्यविधी, नोव्हेना, नाताळच्या आधी महिनाभर कॅरल. त्यात आयटीची नोकरी, रात्री अमेरिकेचे कॉल. आमच्याकडे साताठशे माणसं येतात आणि हो म्हणणारे तेच अकरा जण. तोच माणूस खुर्च्या लावतो, तोच माईक तपासतो आणि शेवटी तोच कुलूप लावतो.

फॉर्म वाटताना ज्यांचे रकाने आधीच भरून वाहतायत त्यांच्याकडून थोडं परत घ्या, असा चौथा रकाना हवा होता.

---

स्पष्टवक्ता_९९ | रविवार, रात्री ११:३१

मोठमोठे शब्द वापरून पैसे गोळा करायचा कार्यक्रम. देवळात दानपेटी, तुमच्याकडे फॉर्म. फरक काय?

---

मधल्या_पेठेतला | सोमवार, सकाळी ७:०५

@स्पष्टवक्ता, फरक आहे. आमच्या दानपेटीवर 'वेळ' टाकायला फट नसते. :)

ओंजळताई, मी तुमच्या धर्माचा नाही, पण 'कारभारी' शब्द पाहून राहवलं नाही. पुण्याला कारभारीपण शिकवायचं म्हणजे काय! नाना फडणवीस कारभारीच होते की. सवाई माधवराव पाळण्यात असताना बारभाईंनी राज्य तोललं, इथवर ठीक. पुढे पेशवा मोठा झाला तरी किल्ल्या नानांच्याच कमरेला. कारभारी स्वतःला मालक समजू लागला की काय होतं ते शनिवारवाड्यानं १७९५ मध्ये, सवाई माधवराव गेले तेव्हा, पाहिलं.

अवांतर: क्वार्टर गेटच्या तुमच्या सिटी चर्चची जागा याच सवाई माधवरावांच्या अमदानीत, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी मिळालेली. म्हणजे पुण्यातल्या कॅथलिकांचा पहिला वाटा शनिवारवाड्यातून आला म्हणायचा.

बाकी कल्पना आम्हाला परकी नाही. तुकोबांचं 'जोडोनियां धन' आपण शाळेतच शिकलो: उत्तम व्यवहारानं मिळवा, उदास विचारानं खर्च करा. गांधीजींनी तेच विश्वस्तपणाच्या भाषेत सांगितलं. धनवानानं स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावं. किती गिरणीमालकांनी ऐकलं ते विचारू नका. म्हणूनच विचारतो, तुमच्या धर्मात हे नुसतं आवाहन आहे की कुणी हिशेबही मागतं?

---

जुना_हिशेबनीस | सोमवार, सकाळी ९:४८

शेवटच्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. सरकारी लेखापरीक्षणात एकतीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या मंडळीच्या) आर्थिक समितीवर सहा. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी टक्केवारी. दशांश जुन्या करारातला: लेवीय २७, मलाखी ३. कॅथलिक चर्चने आज दहा टक्क्यांची सक्ती ठेवलेली नाही. धर्मशिक्षणग्रंथात चर्चच्या ज्या पाच आज्ञा आहेत त्यातली पाचवी (परिच्छेद २०४३) एवढंच म्हणते की चर्चच्या गरजा भागवायला प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावावा. पौलही करिंथकरांना लिहितो, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो'. त्यामुळे ताई, तुमच्या मिस्टरांच्या 'किती टक्के'ला चर्चकडे उत्तर नाही, हे त्यांना सांगा. त्यांना बरं वाटेल. फार वेळ वाटणार नाही, कारण बायबलमधल्या विधवेनं होतं नव्हतं ते टाकलं, तिच्या त्या दोन टोल्यांचा (नाण्यांचा) टक्का शंभर होता.

आता हिशेब कोण मागतं. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, हे स्पष्ट आहे. कलम ५३७ : प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती हवीच. कलम १२८४ : चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्यानं चांगल्या कुटुंबकर्त्यासारखी काळजी घ्यायची, आणि त्यात जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवणंही येतं. कलम १२६७ : ज्या कारणासाठी पैसे दिले त्याच कारणासाठी वापरायचे. कलम १२८७ : लोकांनी दिलेल्याचा हिशेब लोकांना द्यायचा. शिवाय आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत.

हे मी कौतुकानं लिहीत नाहीये. फार पूर्वी एका ठिकाणी (गाव, धर्मग्राम काही सांगणार नाही) हॉलच्या छपरासाठी जमवलेले पैसे कुंपणाच्या भिंतीत गेले. कुणी खिशात घातले नव्हते, भिंतही गरजेचीच होती. पण ज्या म्हाताऱ्यानं पेन्शनमधून छपरासाठी पैसे दिले होते त्यानं पुढे कधी पाकीट टाकलं नाही. कलम १२६७ त्याला माहीत नव्हतं. तरी बरोबर तोच होता.

म्हणून @स्पष्टवक्ता, तुमचा संशय रास्त आहे, फक्त तो बाहेर उभं राहून व्यक्त करू नका. फलकावर हिशेब लागला आहे का ते विचारा. विचारणं हासुद्धा कारभाराचाच भाग.

जाता जाता करदात्यांसाठी: चर्चच्या धार्मिक कामाला दिलेल्या पैशांवर ८०जीची करसवलत सहसा मिळत नाही. एखाद्या समाजसेवा संस्थेकडे तसं प्रमाणपत्र असेल तर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर नाहीच.

---

लाल_डबा | सोमवार, सकाळी १०:१५

काका, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

दोन_लेकरांची_आई | सोमवार, दुपारी २:१०

छोटी झोपली आहे तेवढ्यात लिहिते. मोठा चार वर्षांचा, छोटी सात महिन्यांची, सासूबाईंना अर्धांगवायू. पगार एकाचा. मी तिन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं आणि फॉर्म फ्रीजवर चिकटवला. रोज दूध काढताना तो तीन वेळा 'नाही' म्हणतो.

---

वसईची_बाय | सोमवार, दुपारी ३:३३

@दोन_लेकरांची_आई, ए बाय, सासूची कूस बदलतेस ना रात्री? मग 'वेळ'मध्ये काय लिहायचं राहिलं? तो फॉर्म फ्रीजवरून काढ बघू आधी.

आता ओंजळ, तुला. तू प्रवचन नको म्हणालीस म्हणून सरळ विचारते. भांडी कोण घासतं तुझ्याकडे? त्यांना किती देतेस? शेवटची वाढ कधी दिलीस?

राग मानू नकोस. मी लग्न होऊन वसईहून पुण्यात आले तेव्हा मलाही हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे कारभारीपण म्हणजे विहीर आणि वाडी. विहिरीत कुणी काही टाकलं की अख्खी आळी भांडायला उठायची. पुढे फादर दिब्रिटो 'हरित वसई'साठी उभे राहिले तेव्हा आमच्या घरातले म्हातारेसुद्धा मोर्च्याला गेले. पाणी आपलं नाही, पुढच्यांचं आहे, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. पण पुण्यात आल्यावर ना विहीर ना वाडी. मला वाटलं, आता उरलं फक्त रविवारचं पाकीट.

मग एका उपवासकाळात, राखेच्या बुधवारनंतर आठवड्याभरातच, माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी तापानं चार दिवस आल्या नाहीत. मी महिनाअखेरीला चार दिवसांचे पैसे कापले. त्याच संध्याकाळी मुलांकडून 'त्यागाच्या डब्यात' चॉकलेटचे पैसे टाकून घेत होते, भुकेल्यांसाठी. मोठी लेक नऊ वर्षांची. म्हणाली, "मम्मी, मावशीचे पैसे पण या डब्यात टाकलेस का?"

मला त्या रात्री झोप नाही. याकोबाच्या पत्रातलं वाक्य कितीदा मिस्सेत ऐकलं होतं: तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात तर सूर्य मावळायच्या आत मजुरी द्या म्हटलंय. कामगाराची मजुरी बुडवणं हे स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत मोजतात, खुनाच्या रांगेत. आपण लहानपणी हे पाठ केलं, परीक्षा दिली, आणि चार दिवस कापले.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता, माहितीय का कुणाला? त्यांची मागणी अशीच होती: पगार, सुट्टी, बोनस. माणूस म्हणून वागवा. त्या संपात किती मालकिणी रविवारी आपल्या बाकांवर बसणाऱ्या असतील, मोजवत नाही.

तेव्हापासून माझा नियम: महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, आजारपण वेगळं, दर जूनला वाढ, नाताळला एक पगार जास्त. चर्चचं पाकीट त्यानंतर. त्या वर्षी पाकीट बारीक झालं. फादरांना सांगितलं तर म्हणाले, "होऊ दे."

---

मधल्या_पेठेतला | सोमवार, दुपारी ४:०२

हे वाचून उठलो आणि बायकोला विचारलं, आपण कधी वाढ दिली होती? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी परत येऊन बसलो.

---

घंटागाडी | सोमवार, संध्याकाळी ६:५०

मजुरीवर बोलणं चाललंय म्हणून कचऱ्याबद्दल. दारात ज्या कचरावेचक ताई येतात त्यांच्या 'स्वच्छ' संस्थेमागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, १९९३ पासूनची. डायपर आणि सॅनिटरी पॅड ओल्यात कोंबणारे आपण, आणि हातानं वेगळं करणाऱ्या त्या. माझी बायको ते वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खूण करते. दोन मिनिटांचं काम.

पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं पर्यावरणावरचं परिपत्रक मी उघडलं तेव्हा वाटलं होतं डोक्यावरून जाणार. परिच्छेद २११ ला पोचलो आणि हसायला आलं. प्लास्टिक कमी वापरा, पाणी जपा, कचरा वेगळा करा, खाल तेवढंच शिजवा, बसनं जा किंवा गाडी वाटून घ्या, झाडं लावा, नको असलेले दिवे मालवा. मनपाच्या गाडीवरचं गाणंच जणू रोमहून आलंय! फरक इतकाच की ते या सगळ्याला प्रेमाची कृती म्हणतात, आणि आपली गाडी दंडाची धमकी देते.

आमच्या सोसायटीत एप्रिलपासून रोज टँकर. खडकवासला-पानशेत भरलेलं असो नसो, या भागात टँकर ठरलेला. आणि तरी सकाळी पाइप लावून गाड्या धुणारे आहेत. त्यातले दोघं माझ्याबरोबर मिस्सेला येतात. एकाला मी हळूच म्हटलं तर म्हणतो, "मी पैसे भरतो ना मेंटेनन्सचे."

आजींचा शब्द त्याला ऐकवायला हवा होता. पैसे त्याचे असतील. भूजल कुणाच्या बापाचं?

---

कॅन्सस_ते_कोंढवा | सोमवार, रात्री ९:१४

काही वर्षं कॅन्ससमध्ये होतो. तिथल्या विचिटा धर्मप्रांतात हे कारभारीपण गेली कित्येक दशकं पद्धतशीर चालू आहे. घराघरांतून मिळकतीचा ठरावीक भाग आणि वेळ येतो, आणि त्यावर तिथल्या कॅथलिक शाळा सक्रिय कुटुंबांच्या मुलांना फीशिवाय शिकवतात. अमेरिकेच्या बिशपांनी १९९२ मध्ये कारभारीपणावर पत्र काढलं. त्यात चांगल्या कारभाऱ्याची चार कामं सांगितली आहेत: देणगी कृतज्ञतेनं स्वीकारणं, ती जबाबदारीनं जोपासणं, न्यायानं आणि प्रेमानं वाटणं, आणि वाढवून प्रभूला परत करणं. इथे का होऊ नये?

---

जुना_हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:५५

@कॅन्सस, कारण इथल्या आपल्या शाळांत शिकणारी बहुतेक मुलं कॅथलिक नाहीत, आणि आपल्या धर्मग्रामातली बरीच घरं आठवड्याच्या मजुरीवर चालतात. ठरावीक टक्का त्यांच्याकडे मागणं मला पटत नाही. पण ती चार क्रियापदं घेण्यासारखी आहेत. विशेषतः 'न्यायानं' हा शब्द 'प्रेमानं'च्या आधी आला ते.

---

ओंजळ | मंगळवार, सकाळी ६:२०

रात्री सगळे प्रतिसाद वाचले. वसईच्या ताई, उत्तर देते.

आमच्याकडे भांडी आणि लादी, दोन कामं. बावीसशे. तीन वर्षं तेवढेच. मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा पंधरा दिवसांचे कापले. त्यांनी काही म्हटलं नाही, मीही नाही. आणि 'धन'खाली मी चर्चला पाचशे वाढवून लिहिले होते. आत्ता बघितलं तर ते पाचशे कुठून आले ते स्वच्छ दिसतंय.

यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग ताईंची वाढ फॉर्ममध्ये धरायची का? हजारातले पाचशे तिकडे लिहू." मला ते सोयीचं वाटलं आणि म्हणूनच खटकलं. हिशेबनीस काका, तुम्ही सांगा.

---

जुना_हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ८:३०

नाही धरायची. देणं वेगळं आणि दान वेगळं. जे आपण लागतो ते फेडल्यावर ते दान म्हणून दाखवता येत नाही, ऑडिटमध्ये लाल शेरा बसतो. चौथ्या शतकातले संत योहान क्रिसोस्तोम तर आणखी पुढे जातात. धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद २४४६) त्यांचा आधार आहे: गरिबांना त्यांचा वाटा न देणं म्हणजे त्यांच्याकडून चोरणं. तुमच्या आजींनी क्रिसोस्तोम वाचले नसणार, पण 'त्यो त्यांचा वाटा हाय' हे तेच आहे.

म्हणून आधी मे महिन्याचे कापलेले परत करा. मग पगार वाढवा. मग उरेल त्यातून फॉर्म भरा. उरलं कमी, तर कमी लिहा. रकान्याला लाज वाटत नाही, आपल्यालाच वाटते.

---

खराडीचा_कीबोर्ड | मंगळवार, सकाळी ९:०२

काका, आणि 'वेळ'च्या बाबतीत हेच लावलं तर? मी घरच्यांचा लागतो तो वेळ चर्चला 'दान' करतोय, असं आई परवाच म्हणाली. शब्द वेगळे होते, आशय हाच. शनिवारच्या तालमीला महिन्यातून दोनदाच येणार, असं आज कळवतोय. आणि आठवीतल्या एका पोरीला कीबोर्ड शिकवायला घेतोय. ती माझ्यापेक्षा बरी वाजवेल असं वाटतंय.

---

स्पष्टवक्ता_९९ | मंगळवार, दुपारी १:४०

विचारलं. आमच्याकडच्या देवळाच्या ट्रस्टला. हिशेब फलकावर आहे म्हणाले. फलक आहे. त्यावर २०१९ चा आहे.

---

मधल्या_पेठेतला | मंगळवार, दुपारी १:५२

@स्पष्टवक्ता, आता आयडी सार्थ झाला.

---

ओंजळ | पुढचा रविवार, रात्री ९:३०

धागा वर काढते, कारण घडामोड आहे.

पहिली गोष्ट, मे महिन्याचे अकराशे ताईंना दिले. मी मनात बरंच भाषण तयार केलं होतं. त्यांनी पैसे मोजले, "बरं," म्हणाल्या आणि भांड्यांना बसल्या. भाषण राहिलं. पुढच्या महिन्यापासून अठ्ठावीसशे आणि चार सुट्ट्या. त्यांनी त्यातली एक लगेच बुधवारी घेतली. बुधवारी भांडी मी घासली.

'धन'खाली हजार खोडून सातशे लिहिले. फोनवरून पाठवणार नाही, पाकीट टाकणार. निदान हात तरी खिशात जाईल.

खरी गंमत 'कौशल्य'ची. आज मिस्सेच्या आधी यांचं लक्ष आवारातल्या हात धुण्याच्या नळाकडे गेलं. थेंब-थेंब गळत होता. पोरं रोज त्यावरून उड्या मारून जातात, पण आम्हा कुणाला तो कधी दिसला नव्हता. मिस्सा सुरू व्हायला अर्धा तास होता. यांनी खाली बादली लावली आणि घड्याळ बघितलं. मिस्सा, सूचना, नंतरचा चहा धरून दोन तास झाले, तर जवळजवळ दोन लिटर. मग तिथेच उभ्या-उभ्या हिशेब: दिवसाला चोवीस लिटर. आणि नळ किती दिवस गळतोय, तर रखवालदार म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून."

हे स्कूटर काढून नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, दहा रुपयांचा वॉशर आणला, डिकीतला पाना काढला. दहा मिनिटांत नळ बंद. हात पुसत आले तर फादर बाजूला उभे. काही बोलले नाहीत, फक्त सॅक्रिस्टीतून फॉर्म आणि पेन आणून यांच्या हातात दिलं.

यांनी 'कौशल्य'खाली लिहिलं: नळ.

मी म्हटलं, थोडं नीट लिहा की. म्हणाले, "मला नळच येतो."

जुन्या दृष्टांतातलं 'टॅलेंट' म्हणजे कौशल्य नव्हेच, ते चांदीचं वजन, म्हणजे मजुराची जवळपास वीस वर्षांची कमाई, असं कुणीतरी चहाला सांगत होतं. यांनी ऐकलं आणि म्हणाले, "वीस वर्षं तर मी टूलरूममध्ये काढलीच आहेत."

---

दोन_लेकरांची_आई | पुढचा रविवार, रात्री ९:४८

फॉर्म फ्रीजवरून काढला. 'वेळ'खाली 'सासूबाई' लिहून दिला. घेणाऱ्या काकू काही न विचारता म्हणाल्या, गुरुवारी दोन तास मी येऊन बसते त्यांच्याजवळ, तू झोप. त्यांच्या फॉर्ममध्ये म्हणे तेच लिहिलंय.

---

वसईची_बाय | पुढचा रविवार, रात्री ९:५५

बघ!

---

घंटागाडी | पुढचा रविवार, रात्री १०:०६

ओंजळताई, साहेबांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमच्या ओव्हरहेड टाकीचा बॉलकॉक दोन महिने अडकतोय, पाणी गच्चीवरून वाहतं आणि कमिटी कोटेशन मागवतेय. मी कॅथलिक आहे, पण दुसऱ्या धर्मग्रामातला. चालेल ना?

---

ओंजळ | पुढचा रविवार, रात्री १०:११

व्यनि केलाय. शनिवारी चार वाजता येतील म्हणतात. वॉशर कुठल्या साइजचा ते आधी बघून ठेवा, आणि चहाला साखर कमी.